आक्का, श्रावणीचे पेपर संपले

आक्का, काल शेवटचा पेपर झाला. पोरगी घरी आली, दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आई, कसा गेला म्हणून विचारू नको. मोठी आई कधी विचारायची न्हाय." मग स्वतःच भाकरी-आमटी वाढून घेतली आणि बसली जेवायला.

खरं आहे. तुम्ही कधीच विचारलं नाही. श्रावणी परीक्षेहून आली की तुमचा प्रश्न ठरलेला, "भूक लागलीया काय?" मला वाटायचं, चौथीत शाळा सोडलेल्या बाईला पेपरातलं काय विचारता येणार! मी मात्र उंबऱ्यातच प्रश्नपत्रिका हिसकावून घ्यायची आणि चपला काढायच्या आधी पोरीची उलटतपासणी सुरू करायची. आता वाटतं, परीक्षेहून आलेल्या पोराला विचारण्यासारखा तुमचा तो एकच प्रश्न होता.

तुम्ही जाऊन आज वीस दिवस झाले. दहावा झाला, तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले. मी उद्यापासून ऑफिसला जायला लागेन. तुम्हाला माहीत आहे, कोर्टात दिवसभर मी दुसऱ्यांचे जबाब टाइप करते. कोण काय बोललं, कुणी काय ऐकलं, हे लिहिताना माझी बोटं कधी अडखळत नाहीत. आज स्वतःचा जबाब लिहायला बसले आहे तर सुरुवात सापडत नाही.

सुरुवात त्या आवाजापासूनच करते. निपाणीच्या माहेरी फार तर तंबाखूचा खकाणा नाकात जायचा, पण घर शांत होतं. लग्न होऊन वडगावात आले आणि पहिल्या सकाळी पुढच्या सोप्यातले दोन्ही यंत्रमाग सुरू झाले, तेव्हा मला वाटलं घरच हलायला लागलं. आठवडाभर मी कानात कापूस घालून वावरत होते. तुम्ही बघितलंत आणि पोट धरून हसलात. "कापूस घालून कुठवर ऱ्हाशील गं निपाणीकरीण? हितं कानानं न्हाय ऐकायचं, डोळ्यानं ऐकायचं." मग तुम्ही मला हाताची भाषा शिकवलीत. दोन बोटं ओठाला लावली की चहा. अंगठा तोंडाकडे नेला की पाणी. डोक्यावरचा पदर पुढं ओढल्यासारखं केलं की सासूबाई येताहेत, गप्पा बंद. सासूबाई गेल्यावरसुद्धा ती खूण राहिली, फक्त तिचा अर्थ 'तुमचे मालक, भाऊजी, येताहेत' असा झाला.

श्रावणीचे बाबा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी; बाकी आपण थोरली आणि धाकटी जाऊ, एक घर, एक चूल. लोक म्हणायचे, ह्यांचं भांडण कसं होत नाही? होत होतं की! मी नाकावर राग घेऊनच जन्माला आले आहे. पण माग चालू असताना मी काय पुटपुटायची ते तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, आणि तुम्ही कन्नडमध्ये काय बडबडायचात ते मला कळायचं नाही. सतरा वर्षं आपण अशी काढली. चांगली काढली, आक्का.

आणि ह्याच आवाजात श्रावणी वाढली. पाढे म्हणायची तेही मागाच्या वरताण ओरडून. तिच्या शाळेतल्या बाई एकदा मला म्हणाल्या होत्या, तुमची मुलगी कविता म्हणते की भांडते? मागाच्या घरातली पोरं अशीच. मला त्याची लाज वाटली होती. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "आवाज हाय की पोरीला, चांगलंच हाय."

मग यंदा दहावी आली, आणि मी बिघडले. हो, मीच. पोरीचं वेळापत्रक मी तिच्या आधी तयार केलं. लाल, निळी, हिरवी शाई. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत प्रत्येक अर्ध्या तासाला नाव दिलेलं. तुम्ही ते भिंतीवर बघून विचारलंत, "ह्यात हसायचं कवा हाय?" मला राग आला. ह्या सीमाभागात मराठी माध्यमातल्या पोरीलाही कन्नडचा पेपर असतो, गणित असतं, एका मार्कानं कॉलेज हुकतं, आणि ह्यांना चेष्टा सुचते!

पूर्वपरीक्षेत गणित गेलं आणि कन्नड कसंबसं निघालं. त्यानंतर पोरगी दिसेनाशी झाली. म्हणजे घरातच होती, पण तिचं बोलणं गेलं, जेवण गेलं. रोज सकाळी पोटात दुखायचं. कंगव्यात केसांचा झुबका यायचा. नखं खाऊन खाऊन बोटांची टोकं लाल झाली होती. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, काही नाही, परीक्षेचं टेन्शन आहे, तिला जरा शांत वातावरण द्या.

शांत वातावरण! माझ्या हातात जणू कायद्याचं कलमच सापडलं. त्याच संध्याकाळी मी तुमच्यापुढं उभी राहिले. म्हटलं, आक्का, परीक्षा संपेपर्यंत घरातले माग बंद ठेवायचे. तुम्ही आधी हसलात, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबलात.

"अगं, ह्याच आवाजात पाळणा हलला की तिचा. तिला त्याचा काय तरास न्हाय."

"तुम्हाला काय माहीत? डॉक्टर सांगताहेत."

"डॉक्टरनं माग बघितलाय काय आपला?"

मी अडून बसले. दोन दिवस धड बोलले नाही. भाऊजी अशा वेळी छताकडे बघत बसतात, तसे बसले. शेवटी तुम्हीच तोड काढलीत. मागच्या गल्लीत भाऊजींच्या मावसभावाच्या शेडमध्ये चारपैकी दोन माग रिकामे होते. सकाळी डबा घेऊन तुम्ही दोघं तिकडे जायला लागलात. घरच्या मागांवर जुनी लुगडी टाकून झाकून ठेवलीत. शेजारच्या दोन घरांना कळलं, तर त्यांनी आपण होऊन दुपारचे माग थांबवले. श्रावणीचा अभ्यास हाय म्हणून पोरं गल्लीत खेळायची बंद झाली. भाजीवालीसुद्धा आपल्या दारावरून न ओरडता जायला लागली. वडगावात अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मला वाटलं, जिंकले.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पोरगी पुस्तक उघडून बसायची आणि पानच उलटायचं नाही. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. आवाज आलाच तर स्वयंपाकघरातून मी लगेच, "ते परत म्हण, चुकलं." शांततेत मला तिची प्रत्येक चूक ऐकू येत होती, आणि प्रत्येक चुकीला मी हाक मारत होते. ती आणखी हळू वाचायला लागली. मी आणखी कान द्यायला लागले. जाणारा येणारा खिडकीतून डोकावून विचारायचा, "कसा चाललाय अभ्यास?" तिच्यासाठी अख्खी गल्ली गप्प बसली होती ना, मग विचारणारच.

हे सगळं पहिल्यांदा तुमच्या लक्षात आलं. एका संध्याकाळी शेडवरून आलात, हातपाय धुतलेत, तांदूळ निवडायला घेतलेत आणि मला म्हणालात, "पोरगी वाचत न्हाय गं. नुसती बघतीया. उद्यापासनं माग घरात चालू करतो आमी."

मी कोर्टातून दमून आले होते. त्या दिवशी श्रावणी दुपारीही जेवली नव्हती. मनात भीती इतकी दाटली होती की ती कुठून तरी बाहेर पडणारच होती, ती तुमच्यावर पडली. मी म्हणाले, "स्वतःचं पोर असतं म्हणजे कळलं असतं तुम्हाला, आक्का."

तुमचा हात ताटात थांबला. फार वेळ नाही. मग बोटं पुन्हा फिरायला लागली आणि तुम्ही म्हणालात, "खडं लई हाईत ह्या तांदळात."

बस, एवढंच. मी तिथून उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नेहमीसारखी दोन बोटं ओठाला लावून मला चहाला बोलावलंत. माग बंद होते, तोंडानं हाक मारता आली असती, पण तुम्ही खूणच केलीत. मी आले, चहा प्यायले, साखर कमी पडलीय म्हणाले. 'चुकलं माझं' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? त्यानंतर आपण दोघी शहापूरच्या बाजारात गेलो, पापड लाटायला समोरासमोर बसलो, एकाच रिक्षातून लग्नाला जाऊन आलो. प्रत्येक वेळी वाटायचं, आता बोलावं. आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आक्का विसरल्यात, उगाच कशाला उकरून काढायचं. सोयीचं होतं ना तसं वाटणं.

तुम्ही माग चालू करायचा विषय पुन्हा काढला नाहीत. फक्त एवढंच म्हणालात, "दुपारचा डबा आमी सकाळी न्हेत न्हाय. श्रावणीच्या हातनं पाठव. तेवढंच पाय मोकळं हुतील तिचं." मला त्यात काही वावगं दिसलं नाही. वेळापत्रकात मी हिरव्या शाईनं पंधरा मिनिटं काढून दिली.

पंधरा मिनिटांचे दोन तास व्हायला लागले, हे मला शेजारणीकडून कळलं. मग काय, अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी निघाले तुम्हाला रंगेहाथ पकडायला. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं पाठ केलं होतं. माझ्या मनाविरुद्ध तुम्ही पोरीला शेडात बसवून ठेवता, परीक्षा तोंडावर आली आहे, वगैरे वगैरे.

शेडच्या दारात पोचले आणि तिथंच थांबले. आत चारही माग धडधडत होते. तुमच्या आणि भाऊजींच्या मागांमधल्या बोळात श्रावणी उभी होती. एका हातात कन्नडचं पुस्तक, दुसरा हात हवेत, आणि ती जीव खाऊन ओरडत होती. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. घाम आला होता. येरझाऱ्या घालत होती, मधेच पुस्तक मिटून वर बघत होती आणि पुन्हा ओरडत होती. तुमचे हात धाग्यावर होते आणि डोळे तिच्या ओठांवर. एकदा तुम्ही मान हलवलीत, तिनं जीभ चावली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग तुम्ही हसलात. तीही हसली. डबा कोपऱ्यात उघडा पडला होता, आणि रिकामा होता.

दोन महिन्यांत पहिल्यांदा मी माझ्या लेकीला हसताना बघत होते. आक्का, मला आनंद झाला असं लिहायला पाहिजे. आधी झाला तो मत्सर. मग रडू आलं. मग मी तुम्हा दोघींना न दिसता परत फिरले, आणि वाटेत पाठ केलेलं सगळं भाषण वाटेतच टाकून दिलं.

त्या संध्याकाळी मी श्रावणीला जवळ घेऊन विचारलं, तिथं जाऊन वाचतेस ते कशाला? आधी घाबरली. मग म्हणाली, "हितं समदी माझ्यासाठी गप बसल्यात आई. मी नापास झाले तर त्यांस्नी काय तोंड दाखवू? तिथं कोण माझ्यासाठी काय करत न्हाय. माग आपला चालतोय, मी आपली वाचते." पुढं म्हणाली, "आणि तिथं चुकलं तरी चालतंय."

"मोठ्या आईला ओठांवरून कळतंय की चुकलेलं," मी म्हटलं.

"कळतंय. पण ती माग थांबवत न्हाय."

मला दुसरं काय येत होतं? प्रत्येक चुकीला सगळा माग थांबवायचा, तुटलेला धागा पोरीच्या डोळ्यांसमोर नाचवायचा आणि विचारायचं, हा तुटलाच कसा? असाच अभ्यास घेत होते मी तिचा.

एवढं कळूनसुद्धा सरळ बोलेन तर ती मी कसली! दुसऱ्या दिवशी तुम्हाला म्हणाले, "आक्का, भाऊजींचे गुडघे दुखताहेत, एवढं चालायला नको. माग घरातच चालू करा." तुम्ही माझ्याकडे टक लावून बघितलंत. तोंड अगदी गंभीर, डोळे मात्र हसत होते. "मालकांचं गुडघं दुखत्यात? मला न्हाय बाई सांगितलं त्यांनी कधी. तुला बरं कळलं." मी भाजीत डोकं घातलं. त्याच दिवशी मागांवरची लुगडी निघाली.

मग आले ते आपले चांगले दिवस. पंधराच दिवस मिळाले, पण काय मिळाले! वेळापत्रक मी स्वतः भिंतीवरून काढलं. पोरगी दोन मागांच्या मधे फेऱ्या मारत प्रमेयं ओरडायची. तुमचं माहेर कन्नड बोलणारं, त्यामुळं कन्नडची उजळणी तुमच्याकडे. तुमची चौथीपर्यंतची शाळा मराठी असल्यानं पुस्तकातलं एक अक्षर तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण शब्द कुठं वाकडा पडला ते तुम्ही ओठांवरून ओळखायचात. सारखं सारखं चुकलं की हात वर करून "साकु, साकु" म्हणायचात, पुरे आता, आणि तिला कांड्या भरायला बसवायचात. मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात घालायच्या त्या छोट्या कांड्यांवर सूत गुंडाळता गुंडाळता तिचा श्वास शांत व्हायचा. एकदा ती रडायला आली होती, सहा विषय, एवढे धडे, कधी संपणार म्हणून. तुम्ही तिला भरलेल्या कांड्यांची टोपली दाखवलीत. "ह्या समद्या आज विणायच्या हाईत. पर धोट्यात किती बसत्यात? येकच. ती संपली की दुसरी. टोपलीकडं बघत बसलीस तर लुगडं हुईल काय?" मी हे स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. ओठांवरून वाचत होते, तुम्हीच शिकवल्याप्रमाणं. परीक्षेच्या ताणावरच्या ज्या शिबिरात मी पैसे भरून पोरीला पाठवलं होतं, तिथल्या साहेबांनी दोन तास घेतले होते, आणि त्यातलं तिला काही आठवत नव्हतं.

एक तक्रार मात्र आहे. तुम्ही असं मधेच जायला नको होतं. पहिला पेपर सहा दिवसांवर असताना सकाळचा चहा घेऊन कप खाली ठेवलात आणि भिंतीला टेकलात, ते टेकलातच. मला आधी चेष्टाच वाटली. तुमची चेष्टा करायची रीतच तशी होती.

घर माणसांनी भरलं. आणि रीतीप्रमाणं माग बंद झाले. मी ज्यासाठी अडून बसले होते ती शांतता पुन्हा घरात आली. श्रावणी दोन दिवस कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसून होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी पेपर देत न्हाय ह्या वर्षी." ओरडली नाही, रडली नाही. ओरडली असती तर मी समजूत घातली असती.

मी उठले आणि सोप्यात गेले. भाऊजी भिंतीला टेकून बसले होते, शेजारी चुलत सासूबाई. मी म्हणाले, "भाऊजी, माग चालू करायला पाहिजे."

चुलत सासूबाई एकदम कडाडल्या. "डोस्कं ठिकाणावर हाय काय तुझं? सुतकात माग? गल्ली तोंडात शेण घालंल आपल्या!"

"श्रावणीला वाचता येत नाही ह्या शांततेत," मी म्हणाले. मला पुढं खूप बोलायचं होतं. ही शांतता मी आधी एकदा ह्या घरात आणली होती, त्या शांततेत मी तुम्हाला काय बोलले होते, सगळंच सांगायचं होतं. पण मी नुसतं मागाकडं बोट दाखवलं.

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, कोपऱ्यातल्या पोरीकडे बघितलं. तुम्हाला ठाऊक आहे, ते वर्षाकाठी चार वाक्यं बोलतात. त्यांतलं एक त्यांनी तेव्हा खर्च केलं. "सुतक मला हाय काकी, मागाला न्हाय." आणि भिंतीचा आधार घेत उठले. तुमच्या मागाला हात लावला नाही. स्वतःच्या मागावरचं कापड बाजूला केलं आणि खटका दाबला.

चुलत सासूबाई पदर तोंडाला लावून मागच्या दारी निघून गेल्या. भाऊजी मागापाशी उभे राहिले, डोळे पुसले नाहीत, दोन्ही हात धाग्यावर होते. बऱ्याच वेळानं श्रावणी पुस्तक घेऊन आली. पहिल्यांदा नुसते ओठ हलले. मग तिनं डोळे मिटले, आणि तिच्या गळ्याच्या शिरा फुगलेल्या मला दिसल्या.

पेपरांचं थोडक्यात सांगते, कारण तुम्ही विचारणार नाही हे मला माहीत आहे. मराठी चांगला गेला. गणितात एक उदाहरण सुटलं नाही. घरी आल्यावर म्हणाली, "धागा तुटला, सोडून दिला, पुढच्याला गेले." कन्नडच्या पेपरात मात्र हसं झालं. निबंध आठवेना म्हणून ही ओठ हलवायला लागली, आणि सवयीनं आवाज चढला. वर्गावरच्या बाई धावत आल्या, "कुणाला सांगतेस उत्तर?" ही म्हणाली, "कुणाला न्हाय, मला मोठ्यानं म्हटल्याशिवाय आठवत न्हाय." सगळा वर्ग हसला. बाईंनी तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, मनात म्हण. मग ती मनातल्या मनात ओरडली म्हणे. निबंध पूर्ण झाला. निकाल अजून लागायचा आहे. तो काय लागायचा तो लागेल. हे वाक्य मी लिहिते आहे, आक्का, मी! तुम्ही असता तर कपाळाला हात लावून ताप आहे का बघितला असता.

आता ते राहिलेलं. काल दुपारी श्रावणी जेवून झोपली आणि मी भाऊजींपुढं जाऊन बसले. म्हटलं, आता परीक्षेचं निमित्त नाही, आता तरी बोलायला पाहिजे. मी त्यांना सगळं सांगितलं. तांदळाचं ताट, माझं ते वाक्य, जसंच्या तसं. म्हणाले, मी चुकले, आणि हे ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगितलं नाही. किती संधी होत्या, एकीलाही हात घातला नाही.

भाऊजींनी कांडीवरचं तुटकं सूत बोटाला गुंडाळलं. मग म्हणाले, "ठाऊक हाय मला. त्याच दिवशी सांगितलंतं तिनं."

मला वर बघवेना. विचारलं, "रडल्या का हो?"

"रडली थोडी. मग म्हणाली, निपाणीकरीण लई भ्यालीया पोरीच्या काळजीनं. आपल्या घरात मागाच्या आवाजात किती तरी बोलणी ऐकू न येता जात्यात. त्यांतलंच ह्ये बी येक गेलं म्हणायचं."

असं म्हणून ते उठले आणि पाणी प्यायला गेले. मी तिथंच बसून राहिले.

आक्का, त्या दिवशी घरातले माग बंद होते. मीच बंद करायला लावले होते. तुम्हाला शब्द न् शब्द ऐकू गेला होता.